‘द बर्निंग ट्रेन’ : एका महत्त्वाकांक्षी चित्रपटाचे अपयश

रवी चोप्रा यांनी दिग्दर्शित केलेला ‘द बर्निंग ट्रेन’ हा चित्रपट १९८० साली प्रदर्शित झाला. धर्मेंद्र, विनोद खन्ना, जितेंद्र, हेमा मालिनी, परवीन बाबी, नीतू सिंग, डॅनी इत्यादी नामवंत नटनटी, साहिर लुधियानवी यांची गीते आणि राहुलदेव बर्मन यांचे संगीत अशी संपन्न सामग्री त्याच्या निर्मात्यांपाशी होती. असे असूनही सुमारे तीन तासांच्या या चित्रपटातून भयरसाचा परिपोष होत नाही, तो का, हे पाहण्याजोगे आहे.

दिल्लीहून मुंबईस निघालेल्या अतिवेगवान गाडीचे गतिरोधक निकामी होतात, पुढे तिला आग लागते, आणि भिन्न थरांतील माणसे एका धावत्या बंदिशाळेत सापडतात. ही कल्पना मुळातच नाट्यगर्भ होय. चोर, शिक्षिका, डॉक्टर, शाळकरी मुले असा छोटा समाजच येथे डब्यांत बसलेला आहे. (डबे तुटून अलग झाले किंवा नळी फुटली, तर व्हॅक्युम ब्रेक आपोआप लागतात, हे जाणणारा तंत्रज्ञ या कथेस हसेल, परंतु तेवढी सवलत रसिकाने द्यावी.)

दोष आहे तो संकटाच्या कारणात. गाडीची रचना करण्याचा मान आणि प्रेयसी, दोन्ही विनोदला मिळाली म्हणून रणधीर सूड घेतो. त्यात भर म्हणून भटारखान्यातील गॅसमुळे आग लागते. म्हणजे अर्धा अनर्थ द्वेषातून आणि अर्धा अपघातातून. या दोहोंचा परस्परांशी काहीही संबंध नाही. ‘द टॉवरिंग इन्फर्नो’ (१९७४) या अमेरिकन चित्रपटात आग लागते ती खर्च वाचविण्यासाठी वापरलेल्या निकृष्ट विद्युत्तारांमुळे. तेथे इमारतीची उंची आणि तिचा विनाश एकाच लोभाची फळे ठरतात. आगगाडीतील बाँबचीच कथा सांगणाऱ्या जुन्या सातो यांच्या ‘शिन्कान्सेन दाइबाकुहा’ (१९७५) या जपानी चित्रपटातील सूत्रधार हा दिवाळे निघालेला लहान कारखानदार आहे. ज्या प्रगतीचे प्रतीक ती गाडी, तिच्याच वाटेत तो चिरडला गेला आहे. त्यामुळे त्याच्या क्रौर्यासही सामाजिक अर्थ येतो. रणधीरच्या क्रौर्यास तो नाही. तो केवळ मत्सरग्रस्त आहे.

याचे वैषम्य अधिक वाटते, कारण खरा विषय चित्रपटाच्या हाती आलेला होता. गाडीच्या ध्यासापायी विनोदचे स्वतःचे घर दुभंगते आणि पुढे त्याचाच मुलगा त्या गाडीत अडकतो. वेगाचा हव्यास माणसाकडून काय मागून घेतो, हा प्रश्न येथे आपसूक उभा राहिला होता. त्याला हात न लावता पटकथा खलनायकाच्या मागे धावत सुटते. पटकथाकार कमलेश्वर हे हिंदीतील ‘नई कहानी’चे अग्रणी, कुटुंबातील असा दुरावा त्यांच्या लेखणीस अपरिचित नव्हता.

मांडणीतही हाच विस्कळीतपणा आहे. गाडी स्थानकातून हलेपर्यंत दोन प्रेमकथा, एक विरह आणि एक दिवाळे इतके सारे आटोपावे लागते. नट अनेक, म्हणून प्रत्येकास पूर्वकथा! अनेकनायकत्वाचा हेतू समूहाचे चित्र उभे करणे हा असावयास हवा. येथे तो वाटणीचा हिशेब होऊन बसतो.

गीतांविषयी मात्र सरसकट तक्रार करणे अन्यायाचे होईल. प्रवासातील कव्वाली अनोळखी माणसांना क्षणभर एकत्र आणते, म्हणून ती कथेस उपकारकच आहे. आगीने वेढलेल्या डब्यातील मुलांची प्रार्थना करुण खरी. परंतु ती चालू असता घड्याळ थांबते आणि भयाची जागा भाविकता घेते. आश्चर्य याचे वाटते की बी. आर. चोप्रा यांच्याच संस्थेने ‘कानून’ (१९६०) आणि ‘इत्तफाक’ (१९६९) हे गीतविरहित चित्रपट काढले होते. ‘इत्तफाक’मध्ये तर बहुतांशी एक घर, एक रात्र आणि मोजकी पात्रे एवढ्यावरच प्रेक्षकांची उत्कंठा टिकवून धरलेली आहे. तो संयम या घराण्यास ठाऊक होता. मोठ्या भांडवलाच्या आणि नटसंचाच्या ओझ्याखाली तो येथे पाळला गेला नाही.

शेवटच्या भागात डायनामाइटने इंजिन अलग करण्याचा प्रसंग तेवढा चित्रपटास सूर सापडल्यासारखा आहे. तेथे संवाद कमी होतात, लोखंड, धूर आणि हात एवढेच उरते.