यादी आणि रेघ : समुद्रगुप्ताच्या नकाशातलं देवराष्ट्र

मंडळी, आज आपण एका नकाशाची परीक्षा करू. व्हिन्सेंट स्मिथ यांचा भारताचा प्राचीन इतिहास १९०४ साली प्रसिद्ध झाला. चौथ्या शतकातल्या समुद्रगुप्ताला त्यांनी भारताचा नेपोलियन ठरवलं आणि त्याची दक्षिणेची स्वारी अशी आखली : पूर्वेकडून खाली कांचीच्या मुलखापर्यंत, आणि परतताना पश्चिमेकडून, महाराष्ट्र-खानदेशातून वर.

याला आधार कशाचा? प्रयागच्या स्तंभावर हरिषेणाने रचलेली प्रशस्ती. तीत दक्षिणापथाच्या बारा राजांची नावं आहेत. राजांना पकडलं, सोडलं, कृपा केली, एवढंच ती सांगते. वाट सांगत नाही. त्या नावांत एरंडपल्लाचा दमन आहे आणि देवराष्ट्राचा कुबेर आहे. एरंडपल्ल म्हणजे खानदेशातलं एरंडोल, असं फ्लीट यांनी सुचवलं. देवराष्ट्र म्हणजे महाराष्ट्र, असं स्मिथ यांनी धरलं. आणि आपल्याकडे तर चक्क देवराष्ट्रे आहे! सागरेश्वराजवळचं, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. पूर्वी सातारा जिल्ह्यात, आता सांगलीत. नाव असं जुळल्यावर मोह कुणाला होणार नाही?

पण आम्ही तर्काचे विद्यार्थी. यादीचा क्रम पाहा : पिष्टपूर, कोट्टूर, मग एरंडपल्ल, आणि त्यानंतर कांची. हा क्रम म्हणजेच वाट मानली, तर सैन्य पूर्व किनाऱ्यावरून एरंडोलला आलं आणि पुन्हा कांचीला गेलं म्हणावं लागेल. शिवाय एरंडोल मग परतीच्या वाटेवर उरत नाही. क्रम म्हणजे वाट नव्हे असं मानलं, तर परतीच्या रेघेला आधार राहतो तो फक्त नावांच्या साम्याचा. दोन्हीकडून पंचाईत!

१९२० साली झुवो-दुब्रय या फ्रेंच अभ्यासकाने ही दोन्ही ठिकाणं पूर्व किनाऱ्यावर नेली. पूर्व चालुक्यांच्या एका ताम्रपटात विशाखापट्टणमकडचा एलमंचीचा प्रदेश देवराष्ट्रात असल्याचा उल्लेख आहे. ताम्रपट पाचेक शतकं नंतरचा, हे खरं. पण नुसत्या उच्चारसाम्यापेक्षा तो पुरावा भक्कम. मात्र हेच दुब्रय पुढे म्हणतात की दक्षिणेच्या राजांनी समुद्रगुप्ताला परतवून लावलं. हे प्रशस्तीत कुठे आहे? एक रेघ पुसताना त्यांनी दुसरी ओढली.

आता प्रशस्ती ही दरबारी माणसाने केलेली स्तुती. तिच्यातली नावं इतिहासाच्या कामाची आहेत, पण दोन नावांमधली वाट नकाशा काढणाऱ्याने घातलेली असते. ती तुटक रेघेने दाखवावी, खाली कारण लिहावं. ठळक बाण काढला की वर्गातलं पोर त्याला पुरावा समजतं, आणि पुढे तेच पोर शिक्षक होतं.

देवराष्ट्रे गावाला मान मिळवायला कुबेर राजा लागत नाही. तेव्हा नवा पुरावा हाती येईपर्यंत आपल्या दोन जिल्ह्यांतून जाणारी ही रेघ आपणच पुसावी, असं आम्हाला वाटतं.