‘जेमिनी’ म्हणजे नेमके कोणते जुळे?

विज्ञानाच्या परिभाषेत लॅटिन शब्दांचा मोठा भरणा आहे. अशा शब्दाचा अर्थ एका ओळीत सांगून पुढे जाण्याची आपल्या वर्गांना सवय आहे. ‘जेमिनी म्हणजे जुळे’, किंवा त्याहून सोपे, ‘जेमिनी म्हणजे मिथुन’, हा त्याचा एक नमुना. हे अर्थ कोशात सापडतात, मग बिघडले कुठे, असे कोणी विचारील. आमचा आक्षेप असा आहे की, हा एकच शब्द निरनिराळ्या शास्त्रांत निरनिराळ्या प्रकारचे जुळेपण सांगतो, आणि काही ठिकाणी तर त्याच्यामागे जुळे असे कोणी नसतेच. कोणते जुळेपण अभिप्रेत आहे ते सांगितले नाही, तर विद्यार्थ्याचे नाव पाठ होते आणि वस्तू अनोळखीच राहते. हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. वऱ्हाडात या शब्दाचा संबंध मूग, उडीद आणि सोयाबीनच्या पिकाशी येतो, म्हणजे घरच्या उत्पन्नाशी येतो.

मूळ शब्द आणि मराठीचे धन

लॅटिनमध्ये ‘जेमिनुस’ म्हणजे जुळा आणि ‘जेमिनी’ हे त्याचे अनेकवचन. एका वेळी तीन मुले जन्मली तर त्यांना ‘त्रिजेमिनी’ म्हणत. आपल्या चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या पाचव्या मस्तिष्क चेतेचे ‘ट्रायजेमिनल’ हे नाव याच शब्दावरून आले. तिला तीन शाखा असतात : एक डोळ्याकडे, दुसरी वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. ‘तीन’ आणि ‘जुळे’ एकाच नावात कसे, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडतो. मराठीत त्याचे उत्तर तयार आहे. आपण जुळे म्हणतो तसेच तिळेही म्हणतो. ही चेता म्हणजे ‘तिळी’ चेता, एवढे सांगितले की कोडे सुटते.

या बाबतीत मराठी गरीब नाही. एकत्र जन्मलेल्यांना जुळे किंवा आवळेजावळे, एका सालीत जोडलेल्या केळ्यांना जावळी केळी, नुसत्या दोघांना जोडी, स्त्री-पुरुषांच्या जोडीला मिथुन, व्याकरणात एकाच व्यंजनाच्या जोडीला द्वित्त असे वेगवेगळे शब्द आपल्याकडे आहेत. लॅटिनने एकाच शब्दावर जे ओझे टाकले ते मराठीने पाच-सहा शब्दांत वाटून घेतले आहे. हे धन हाताशी असताना सगळीकडे ‘जुळे’ हाच अर्थ डकवणे म्हणजे आपलीच सोय आपण मोडणे होय.

आकाशातले भाऊ

‘जेमिनी म्हणजे मिथुन’ हे समीकरण आकाशापुरते चालते, पण तिथेही ते अर्धेच खरे आहे. ग्रीकांच्या या तारकासमूहातील दोघे म्हणजे कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे भाऊ. संस्कृतातला ‘मिथुन’ हा शब्द भावांचा नाही, तो स्त्री-पुरुषांच्या जोडीचा आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहज्जातका’त या राशीचे वर्णन गदा घेतलेला पुरुष आणि वीणा घेतलेली स्त्री असेच केले आहे. त्याच ग्रंथात त्याने राशींची ग्रीकांकडून आलेली नावेही दिली आहेत. त्यांत या राशीचे नाव ‘जितुम’ असे आहे. जुळे या अर्थाच्या ‘दिदुमोई’ या ग्रीक शब्दाचे ते रूपांतर होय. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे परका शब्द एकदा जसाच्या तसा घेतला गेला आणि एकदा भाषांतरित झाला. भाषांतर होताना भावांचे जोडपे झाले. परिभाषेचा प्रश्न काल-परवाचा नाही, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण नाही.

प्रत्यक्ष आकाशात हे दोन तारे भाऊ तरी आहेत काय? पोलक्स आपल्यापासून सुमारे ३४ प्रकाशवर्षे दूर आहे, कॅस्टर सुमारे ५१. पोलक्स नारिंगी छटेचा, कॅस्टर पांढरा. फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी ते डोक्यावर आले की हा रंगभेद नुसत्या डोळ्यांनी कळतो. दोघांचा परस्परांशी काही संबंध नाही. आपण ज्या दिशेने पाहतो त्या दिशेमुळे ते शेजारी दिसतात. मात्र एकटा दिसणारा कॅस्टर हा खरोखरचा जोडतारा आहे. त्याचे दोन घटक एकमेकांभोवती फिरतात हे विल्यम हर्शेलने १८०३ मध्ये दाखवून दिले. पुढे कॅस्टरमध्ये तीन जोड्या, म्हणजे एकूण सहा तारे असल्याचे कळले. थोडक्यात, ज्यांना जुळे म्हटले ते जुळे नाहीत आणि ज्याला एक म्हटले तो सहा आहे.

याच दोन ताऱ्यांना आपण पुनर्वसू नक्षत्र म्हणतो. संस्कृतात ‘पुनर्वसू’ हे द्विवचन आहे. दोन आहेत एवढेच ते सांगते, नाते सांगत नाही. निरीक्षणाच्या दृष्टीने हे नाव अधिक काटेकोर म्हणावे लागेल. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य या नक्षत्रात असतो आणि शेतकरी त्या पावसाला ‘तरणा’ म्हणतो. तेव्हा हे तारे मात्र सूर्याच्या उजेडात बुडालेले असतात.

आकाशाशी निगडित आणखी काही नावे पाहू. डिसेंबरच्या मध्याला दिसणारा ‘जेमिनिड’ उल्कावर्षाव मिथुन राशीच्या दिशेने आल्यासारखा भासतो, म्हणून त्याला हे नाव पडले. त्या उल्कांत जुळे असे काही नाही. ज्या लघुग्रहाच्या धुळीपासून त्या येतात तो फेथन १९८३ मध्ये सापडला. अमेरिकेच्या ‘जेमिनी’ अंतराळ कार्यक्रमात जुळेपण होते ते आसनांचे. एका यानात दोन अंतराळवीर बसत आणि १९६५-६६ मध्ये अशी दहा समानव उड्डाणे झाली. ‘जेमिनी’ वेधशाळेच्या ८.१ मीटर व्यासाच्या दोन दुर्बिणी, एक हवाई बेटावर आणि दुसरी चिलीत, या मात्र एका आराखड्यावरून घडवलेल्या खऱ्या जुळ्या आहेत. आजच्या विद्यार्थ्याला हा शब्द बहुधा गूगलच्या संगणकीय भाषाप्रणालीमुळे आधी भेटतो. ती डिसेंबर २०२३ मध्ये आली. त्या नावामागे कंपनीच्या दोन संशोधनगटांचे एप्रिल २०२३ मधील एकत्रीकरण आहे आणि जुन्या अंतराळ कार्यक्रमाची आठवणही आहे. म्हणजे तिथे ‘दोघे एक झाले’ हा अर्थ आहे.

रेणूतले आणि उच्चारातले

बारावीच्या रसायनशास्त्रात ‘जेमिनल’ हा शब्द येतो. १,१-डायक्लोरोइथेनमध्ये दोन्ही क्लोरीन अणू एकाच कार्बनवर असतात, म्हणून ते जेमिनल. १,२-डायक्लोरोइथेनमध्ये ते लगतच्या दोन कार्बनांवर असतात, म्हणून ते ‘व्हिसिनल’. लॅटिनमध्ये ‘विसिनुस’ म्हणजे शेजारी. दोन्ही संयुगांत क्लोरीन अणू दोनच आणि सारखेच. तेव्हा ‘जेमिनल म्हणजे जुळे’ एवढेच सांगून फरक कळणार नाही. ‘एका घरातले’ आणि ‘शेजारच्या घरातले’ असे सांगितले तर कळेल. फरक किरकोळ नाही. पहिल्याचा उत्कलनबिंदू सुमारे ५७ अंश सेल्सिअस आहे, तर दुसऱ्याचा सुमारे ८३. जलीय पोटॅशबरोबर पहिल्यापासून इथेनाल मिळते, दुसऱ्यापासून ग्लायकॉल. अणू तेच, संख्या तीच. फक्त घर बदलले.

भाषाशास्त्रातही हा शब्द आहे. ‘कला’ आणि ‘कल्ला’, ‘पता’ आणि ‘पत्ता’ या जोड्या मुलांना म्हणायला सांगा. जोडाक्षरात एकच व्यंजन दोनदा लिहिलेले दिसते; इंग्रजीत याला ‘जेमिनेशन’ म्हणतात. पण ‘पत्ता’ म्हणताना जीभ दातांना दोनदा लागत नाही. ती एकदाच लागते आणि थोडा वेळ तिथेच थांबते. लिपीत दोन आहेत, तोंडात एकच आणि लांब आहे. नाव देणाऱ्याने काय पाहिले, कान की कागद, हे इथे महत्त्वाचे ठरते.

शेतातले जुळे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. बार्शीटाकळी तालुक्यात किंवा अकोला जिल्ह्यात इतरत्र खरिपात मूग, उडीद, सोयाबीन ही पिके घेतली जातात. त्यांच्या पानांवर हिरव्या-पिवळ्या रंगाचे वेडेवाकडे ठिपके पडतात, जणू मोझॅकची फरशी. हाच ‘पिवळा मोझॅक’. भारतात मुगावरील या रोगाचे वर्णन १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. २०२३ च्या खरिपात विदर्भातील सोयाबीनवर तो मोठ्या प्रमाणावर आला आणि त्याचे नाव गावोगाव पोहोचले. भेंडीचा केवडा, टोमॅटो-मिरचीवरील चुरडा-मुरडा हे याच कुळातील विषाणूंचे रोग. कुळाचे नाव ‘जेमिनीव्हायरस’.

हे नाव १९७० च्या दशकात पडले ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील चित्रावरून. या विषाणूचा कण दोन गोलसर भाग एकमेकांना चिकटल्यासारखा दिसतो. त्याची लांबी सुमारे ३० नॅनोमीटर. दहावीच्या पुस्तकातील शब्द वापरायचा तर हे सायामी जुळे आहेत. शेतातला शब्द वापरायचा तर जावळी केळी. त्याची बांधणी वर्गात गणितासारखी मांडता येते. वीस बाजूंच्या साध्या विषाणूकवचात पाच-पाच प्रथिनांचे १२ गट असतात. इथे दोन कवचे जिथे चिकटतात तिथे प्रत्येकाचा एक गट गळतो. उरले ११ आणि ११, म्हणजे २२ गट, प्रत्येकी पाच, एकूण ११० प्रथिने.

आता या जोडकवचात डीएनएचे दोन रेणू असतील, असे कोणालाही वाटेल. तसे नसते. त्यात सुमारे २,७०० घटकांचे, एकपदरी आणि वर्तुळाकार असे एकच डीएनए असते. जुळेपण घराचे आहे, आत राहणारा एकटा आहे. खरी गंमत पुढे आहे. मुगाच्या पिवळ्या मोझॅकच्या विषाणूची आनुवंशिक माहिती ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन तुकड्यांत विभागलेली असते आणि हे तुकडे वेगवेगळ्या कणांत असतात. ‘ए’कडे संख्यावाढ आणि कवच यांचे काम, ‘बी’कडे झाडात एका पेशीतून दुसरीत जाण्याचे. रोग नेहमीसारखा वाढायला दोन्ही लागतात. म्हणजे नावातल्या ‘जुळ्या’त माहितीची जोडी नाही, आणि जिथे माहितीची जोडी आहे तिची नावाला दखल नाही. याच कुळातील कित्येक विषाणूंना एकच तुकडा पुरतो.

नावाची दुसरी उणीव व्यवहारातली आहे. सूक्ष्मदर्शकातला आकार सांगणाऱ्या नावाने शेतकऱ्याला काही हाती लागत नाही. ‘केवडा’ किंवा ‘पिवळा’ या नावांनी लक्षण कळते, पण पिवळेपणाची कारणे अनेक आहेत. लोहाची कमतरता असेल तर नवी पाने शिरांच्या मधल्या भागात पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. मूळकूज झाली किंवा शेतात पाणी साचले तरी झाड पिवळे पडते. मोझॅकमध्ये पिवळे-हिरवे ठिपके अनियमित मिसळलेले असतात. हा भेद न करता ‘पिवळे पडले’ म्हणून बुरशीनाशक फवारले, तर पैसा जातो आणि विषाणू जागचा हलत नाही. विषाणू झाडात शिरल्यावर त्याला बरे करणारी फवारणी नाही.

जे कळायला हवे ते ना लॅटिन नावात आहे, ना गावच्या. हा रोग पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. तीही नावाची माशी. खरे म्हणजे मावा-तुडतुड्यांच्या गटातील, जेमतेम एक मिलिमीटर लांबीची रस शोषणारी कीड. रोगट झाडाचा रस शोषताना विषाणू तिच्या अंगात जातो आणि मग बराच काळ ती तो झाडोझाडी पोचवत राहते. म्हणून सुरुवातीची रोगट झाडे उपटून टाकणे, पिवळे चिकट सापळे लावणे, प्रतिकारक्षम वाण निवडणे हे उपाय सांगितले जातात. ते सगळे माशीच्या वाटेवर आहेत, विषाणूच्या आकाराशी त्यांचा संबंध नाही.

वर्गासाठी

शास्त्रीय नाव टाकून द्यावे असे आम्ही म्हणत नाही. जगभरचे संशोधक त्याच नावाने एकमेकांशी बोलतात, आणि आपल्या विद्यार्थ्यालाही उद्या तेच वाचायचे आहे. आमचे म्हणणे एवढेच की, नाव सांगताना तीन प्रश्न विचारावेत. यात दोन कोण आहेत? त्यांना एकत्र कशाने आणले : जन्माने, बंधाने, की पाहणाऱ्याच्या जागेने? आणि नाव देणाऱ्याने नेमके काय पाहून ते दिले? कॅस्टर-पोलक्स, १,१-डायक्लोरोइथेन, ‘पत्ता’ आणि जेमिनीव्हायरस या चौघांना हे प्रश्न विचारून फळ्यावर कोष्टक केले, तर एका तासात भाषा, रसायन, खगोल आणि कृषी असे चारही विषय येतात.

ऑगस्टमध्ये हाच तास जवळच्या मुगाच्या शेतात घ्यावा. प्रत्येक मुलाने दहा झाडे पाहावीत, पानाच्या खालच्या बाजूच्या पांढऱ्या माश्या मोजाव्यात, पिवळेपणा शिरांमध्ये आहे की ठिपक्यांत हे वहीत लिहावे आणि आठवड्याने तीच झाडे पुन्हा पाहावीत. नोंदी घेऊन शेतमालकाशी बोलावे. अकोल्याला १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. शंका राहिल्यास या नोंदी तिथल्या तज्ज्ञांना दाखवता येतील. त्यांच्यापुढे ‘पीक पिवळे पडले’ एवढेच सांगणाऱ्या माणसापेक्षा असा विद्यार्थी शेतकऱ्याच्या अधिक उपयोगी पडेल.