कुत्रा पाळणं आणि व्रत पाळणं

कुणाला कुत्रा चावला की आपल्याकडे दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, ‘कायदा कडक करा.’ दुसरं, ‘आपण जैन, आपल्याला त्यात काय करायचंय?’ दोन्ही वाक्यांत बोलणारा स्वतः अलगद सुटतो. म्हणून दोन्ही जरा तपासून बघायला हवीत.

कायदा नाही असं मुळीच नाही. केंद्र सरकारनं 2017 मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी नियम केले. अठरा महिन्यांची झाल्याशिवाय कुत्रीला पैदाशीला लावायचं नाही. वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचांपेक्षा जास्त नाहीत, आठ वर्षांनंतर बंद. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत विकायचं नाही. पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, कुत्र्यांना मायक्रोचिप बसवायची. बाळंतपणं मोजणारा, आईपासून लेकरू कधी तोडायचं हे सांगणारा हा नियम आहे. असा नियम का हवा, हे बायकांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पण या नियमाचा सगळा भार पैदास करणाऱ्यावर. विकत घेणाऱ्याला तो फारसं काही विचारत नाही. शिवाय नोंदणीचा कारभार बेंगळूरुला, आणि आपलं औराद राज्याच्या पार उत्तरेच्या टोकाला. एकीकडे उदगीर-देगलूर, दुसरीकडे तेलंगण. पिल्लू पिशवीत घालून गाडीवरून हद्द ओलांडायला कितीसा वेळ लागतो? जो नोंदणी करील त्याला फी, कागद, तपासणी. जो करणार नाही त्याला बहुधा कुणी विचारायलाही येत नाही. म्हणजे नियम पाळणारालाच महाग पडतो. प्रामाणिक माणसाला अशानं उत्तेजन कसं मिळणार?

2024 च्या मार्चमध्ये केंद्रानं दुसरा मार्ग धरला. पिटबुल, रॉटवायलर अशा 23 जाती धोकादायक ठरवून त्यांची आयात, पैदास, विक्री थांबवा, असं परिपत्रक राज्यांना धाडलं. संबंधितांचं म्हणणं ऐकलं नाही, म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयानं एप्रिलमध्ये ते रद्द केलं. मला ते परिपत्रक वेगळ्या कारणानं पटलं नव्हतं. दिवसभर आखूड साखळीला बांधलेला, पोरांनी खडे मारून पिसाळवलेला कोणत्याही जातीचा कुत्रा चावेल. जात बघून दोष लावायची सवय माणसांच्या बाबतीत आपल्याला पुरेशी महागात पडली आहे. कुत्र्यांच्या बाबतीत तरी ती नको.

राहिला 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. जनावराला मारणं, उपाशी ठेवणं, फार आखूड दोरीला बांधणं, टाकून देणं, सगळं त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. पिल्लू हजारो रुपयांना घ्यायचं, ते आजारी पडलं की मोंढ्याबाहेर सोडून यायचं, आणि दंड पन्नास रुपये. हा दंड वाढवण्याचा मसुदा 2022 मध्ये निघाला होता. तो मसुदाच राहिला.

आता दुसऱ्या वाक्याकडे येऊ. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधणं, मारणं, अवयव कापणं, जास्त ओझं लादणं, अन्नपाणी तोडणं. 1960 च्या कायद्याची कलमं यांच्याशेजारी ठेवून बघा, किती जुळतात ते! हे अतिचार गृहस्थासाठी सांगितलेत. म्हणजे ज्याच्या दारात जनावर आहे त्याला ‘आपल्याला काय करायचंय’ असं म्हणायची सोयच ठेवलेली नाही. डॉबरमनचा कान उभा दिसावा म्हणून तो कापून घेणं हा छेद आहे. गावाला जाताना चार दिवस कुत्रा गच्चीवर बांधून जाणं हा बंध आहे, आणि अन्नपाननिरोधही.

हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात पैशासाठी कुत्री-मांजरं पोसण्याचा धंदा श्रावकाला वर्ज्य सांगितला. आपण तो करत नाही, यात आपण समाधानी असतो. पण पाप कृत, कारित, अनुमोदित अशा तिन्ही वाटांनी लागतं, हे आपण पाठशाळेत पाठ केलेलं असतं. महिन्याभराचं पिल्लू पोराच्या वाढदिवसाला आणणारा बाप त्या कुत्रीच्या सततच्या वेतांचा कारित नाही का? नियम घेणाऱ्याला सोडतो, व्रत सोडत नाही. घेणाऱ्यानं ‘आई कुठे आहे, दाखवा’ एवढं जरी विचारलं, तरी वाईट पैदास करणाऱ्याची अडचण होईल.

आपल्या बायकांत सगळ्यात अवघडून बोलला जाणारा विषय म्हणजे नसबंदी. तो छेद नव्हे काय, असं विचारतात. प्रश्न खोटा नाही. पण सूत्रकारांनी हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद घातला आहे. बेफिकिरीनं, कषायानं प्राण दुखावणं ती हिंसा. दर वेतातली पाच-सहा पिल्लं रस्त्यावर ट्रकखाली जाणार हे माहीत असून काहीच न करणं, हा प्रमाद नाही का? चांगल्या डॉक्टरानं, भूल देऊन, नंतरची काळजी घेऊन केलेलं ऑपरेशन मला त्यापेक्षा व्रताच्या जवळचं वाटतं. घाईनं उरकून जनावर तसंच सोडणं मात्र हिंसाच. 2023 च्या नियमांनी पाळीव जनावराचं लसीकरण आणि नसबंदी मालकाची जबाबदारी ठरवली आहे. पण तालुक्याला स्वस्त सोय नसेल, तर ती जबाबदारी कागदावरच राहणार.

मग कोणता कायदा चांगल्या मालकाला आणि पैदास करणाऱ्याला बळ देईल? उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मुधोळच्या घोरपडे राजांनी जोपासलेली मुधोळ हाउंड ही जात टिकवायला तिम्मापूरला संशोधन केंद्र आहे. ते ज्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं, त्याचं मुख्यालय आपल्या बीदरला. तिथं जात जपण्याचं आणि पाळणाऱ्यांना शिकवण्याचं काम चालतं. शिकवणारं कुणी जवळ असलं की नियम पाळणं सोपं होतं. तालुक्याच्या पशुदवाखान्यात नोंदणी, चिप आणि रेबीजची लस एकाच खिडकीवर, मराठी-कन्नड दोन्हींत लिहिलेल्या अर्जावर मिळू द्या. नोंदवलेल्या कुत्र्याला लस फुकट, बेनोंदीला भरभक्कम दंड. टाकून दिलेला कुत्रा सापडला की चिपवरून मालक सापडावा. असा कायदा आला तर पाळणाराला त्यात स्वतःचा फायदा दिसेल.

आणि तो येईपर्यंत? पर्युषणात जीवदयेच्या नावानं जो पैसा जमतो, त्यातला बहुतेक गोशाळेला जातो. जाऊ दे. त्यातला थोडा लसींना आणि ऑपरेशनांना का नको? जीवंधरकुमारानं मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात णमोकार सांगितला, ही कथा आपण लेकरांना सांगतो. ती सांगताना एक गोष्ट विसरू नये. तो कुत्रा माणसांच्या माराने मरत होता. मारणारे हात अडवायला कायदा लागतोच. पण घरात भाकरी कोण टाकतं, पाणी कोण ठेवतं, साखळी कोण सोडतं? बहुतेक घरांत आपणच. तेव्हा घरात पिल्लू आणायचं की नाही, या निर्णयातही आपला शब्द असला पाहिजे. लायसन्स कुणाच्याही नावावर असू दे.