साथीचे गणित आणि कळमन्याचा हमाल

साथ कशी पसरते याचे गणित शिकवताना केरमॅक व मॅक्केन्ड्रिक यांच्या १९२७ सालच्या निबंधाचा उल्लेख हमखास येतो. त्यांनी पडताळ्यासाठी घेतलेले आकडे आपल्या मुंबईचे होते : डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील प्लेगचे आठवड्यागणिक मृत्यू. घंटेच्या आकाराची रेघ त्या आकड्यांवर छान बसते, म्हणून पाठ्यपुस्तके ते चित्र आजही कौतुकाने छापतात.

पण रेघ बसली म्हणजे कारण सापडले, असे नव्हे. प्लेग मुळात उंदरांचा. पिसवांमार्फत तो माणसांत येतो. मुंबईत तो दरवर्षी ठराविक ऋतूत चढे आणि उतरे. समीकरणात मात्र ऋतूला जागाच नाही. आपले समीकरण फार ढोबळ आहे, हे लेखकांनी स्वतःच नमूद केले होते. पुढच्यांनी रेघ घेतली, कबुली सोडली.

अलीकडच्या प्रारूपांत दोन गोष्टींची भर पडली आहे : बातम्यांतून येणारी जागरूकता आणि यदृच्छा. भर योग्यच आहे. आक्षेप आहे तो ती घालण्याच्या पद्धतीवर.

रुग्ण वाढले की बातम्या वाढतात, बातम्या वाढल्या की माणसे भेटीगाठी कमी करतात, असे सहसा गृहीत धरतात. पण पहिल्या रुग्णाच्या वेळी बातमी शून्यच असते. म्हणून अशी जागरूकता साथीचे शिखर बुटके करते. साथ सुरू होणे टाळत नाही. शिवाय सर्व माणसे सारखी वागतील हे कशावरून? १९९४ साली सुरतेत प्लेगची बातमी पसरली, तेव्हा लोक घरी न बसता गाड्या भरभरून शहर सोडून गेले. आणि नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्यांचे लिलाव चालू असताना पोती वाहणारा हमाल? बातमी त्यालाही कळलेली असते. पण घरी बसला तर संध्याकाळची चूल पेटत नाही. समीकरणातला जागरूकतेचा गुणक त्याच्यापुरता शून्याजवळ येतो, तो अज्ञानामुळे नव्हे. हा भेद न करणारे प्रारूप दोष गरिबाच्या माथी मारते.

यदृच्छेसाठी वर्गात एक खेळ घ्यावा. प्रत्येक मुलाने एका रुग्णापासून सुरुवात करावी. दर रुग्णामागे फासा एकदा टाकायचा. १ किंवा २ पडल्यास नवा रुग्ण नाही; ३ ते ६ पडल्यास दोन नवे. सरासरी ४/३, म्हणजे एकाहून जास्त. सरासरीच्या गणिताप्रमाणे साथ वाढायलाच हवी. तरीही सुमारे निम्म्या मुलांची साथ आपोआप विझेल. (विझण्याची शक्यता क धरल्यास क = १/३ + २/३ क², म्हणून क = १/२.)

सुरुवातीच्या मोजक्या रुग्णांत यदृच्छेचे राज्य असते. मॅक्केन्ड्रिक यांनी १९२६ सालीच साथीचे असे संभाव्यतेचे गणित मांडले होते. मोठ्या साथीच्या रेघेवर नंतर थोडी थरथर चढवून ते काम भागत नाही.

एखादे गाव साथीतून वाचले की आपण त्याच्या शहाणपणाला श्रेय देतो; बुडाले की बेफिकिरीला दोष. फासे टाकून पाहिलेला विद्यार्थी असा निकाल देण्यापूर्वी थोडा थांबेल. एवढे साधले तरी तो तास सार्थकी लागला.