शिडी काढली, साप काढायचे राहिले

दर वर्षी 20 मार्चच्या आसपास आमच्या फॅमिली ग्रुपवर एक स्क्रीनशॉट येतो. जागतिक आनंद अहवालाची यादी. सगळ्यात वर फिनलंड, खूप खाली आपण, आणि पाकिस्तान आपल्या वर आहे हे दाखवणारा लाल बाण. मग काकांचा मेसेज येतो : ‘हे कोण ठरवतं?’ त्याखाली चार अंगठे, दोन रागावलेले चेहरे. अर्ध्या तासात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो आणि आनंदाचा विषय संपतो.

काकांचा प्रश्न मात्र चांगला आहे. तो विचारून ते थांबतात एवढंच. मी भाषांतराचं काम करते, त्यामुळे कुठलाही मजकूर दिसला की आधी त्याचे शब्द तपासायची खोड लागली आहे. म्हणून या वेळी यादी बाजूला ठेवली आणि ज्या प्रश्नातून ती तयार होते, तो प्रश्न वाचला. एखादी कविता वाचावी तसा. तो जेमतेम चार-पाच ओळींचा आहे, पण त्यात पुष्कळ काही दडलेलं आहे.

त्यात ‘आनंद’ हा शब्दच नाही. लोकांना ‘तुम्ही आनंदी आहात का?’ असं कुणी विचारत नाही. सांगतात ते असं : एका शिडीची कल्पना करा. तळाला शून्य, वर दहा. सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुम्हाला शक्य असलेलं सर्वांत चांगलं आयुष्य, सगळ्यात खालची म्हणजे सर्वांत वाईट. या क्षणी तुम्ही कितव्या पायरीवर उभे आहात?

संपलं. गॅलपचे लोक प्रत्येक देशात साधारण हजारेक माणसांना दर वर्षी हे विचारतात, तीन वर्षांची सरासरी काढतात, आणि तिच्यावरून क्रमांक लागतो. दरडोई उत्पन्न, अडीअडचणीला धावून येणारं माणूस, निरोगी आयुर्मान, निर्णयाचं स्वातंत्र्य, दानत आणि भ्रष्टाचाराबद्दलचं मत हे सहा घटक आपण बातम्यांत वाचतो, पण त्यांच्यावरून क्रमांक ठरत नाही. देशादेशांत फरक का पडतो हे समजावून सांगायला ते नंतर वापरले जातात.

म्हणजे काका, हे आपणच ठरवतो. 2025च्या अहवालात भारताला 4.389 गुण आहेत आणि 147 देशांत 118वा क्रमांक. हे गुण कुणा गोऱ्या परीक्षकाने दिलेले नाहीत. आपल्यातल्याच माणसांनी ‘चार’, ‘तीन’, ‘सहा’ असं सांगितलं, त्याची ही बेरीज. पाकिस्तान 109वा आणि नेपाळ 92वा आहे हे खरं. पण श्रीलंका 133वी आणि बांगलादेश 134वा आहे, हे त्या स्क्रीनशॉटमध्ये कधी नसतं. बाणाला आपापलं राजकारण असतं.

*

आता शिडीकडे येऊ. माझी खरी तक्रार तिच्याबद्दल आहे.

ही शिडी हॅडली कँट्रिल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. 1965च्या त्याच्या पुस्तकात ती वेगवेगळ्या देशांतल्या लोकांसमोर ठेवली होती, त्यात भारतही होता. कल्पना हुशारीची आहे. ‘चांगलं आयुष्य’ म्हणजे काय हे तो सांगत नाही, ते तुमचं तुम्ही ठरवायचं. पण मोजायला उपमा दिली ती शिडीची, आणि उपमा कधी रिकाम्या हाताने येत नाहीत. शिडी म्हटलं की वर-खाली आलं, चढणं आलं, आपल्या डोक्यावर कुणाचे तरी पाय आले. 2024मध्ये संशोधकांनी ब्रिटनमधल्या सुमारे 1,600 प्रौढांवर हे तपासलं. शिडीचा प्रश्न ऐकून लोकांच्या मनात काय येतं? मुख्यतः पैसा आणि सत्ता. शिडी काढून तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला, तर पैसा-सत्तेचा विचार कमी झाला.

हे इंग्रजीत. मराठीत तर पंचाईत मोठी आहे. मी तो प्रश्न मराठीत करून पाहिला आणि ‘पायरी’ या शब्दावर अडले. ‘पायरी ओळखून वाग.’ ‘पायरी सोडून बोलू नकोस.’ आपल्या भाषेत पायरी चढण्यापेक्षा ओळखण्यासाठीच जास्त वापरली गेली आहे. 31 जानेवारी 1920ला ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू समाजाला अनेक मजली मनोऱ्याची उपमा दिली. प्रत्येक जात एक मजला, आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला जिनाच नाही. कँट्रिलच्या पंचेचाळीस वर्षं आधीच या भाषेत शिडीच्या प्रश्नावर आक्षेप घेतला गेला होता : तुम्ही कितव्या मजल्यावर आहात हे विचारण्याआधी जिना आहे का, ते विचारा.

आणि याच भाषेत पंढरपूरची नामदेव पायरीही आहे. देवळाच्या महाद्वारातली अगदी पहिली, खालची पायरी. संतांचे पाय लागावेत म्हणून नामदेवांनी मागून घेतली अशी श्रद्धा आहे. तिथे सगळ्यात खाली असणं हाच मान. पण तिच्या समोर, बाहेरच, चोखोबांची समाधी आहे. जन्मभर ज्यांना आत येऊ दिलं नाही, त्यांची. खालची पायरी स्वतः मागून घेणं आणि ती कपाळावर मारली जाणं यातला फरक तिथे उभं राहिलं की कळतो. दहापैकी चार या आकड्यात तो दिसत नाही.

*

प्रश्न नीट वाचायचा तर कुणाला तरी विचारूनही पाहावा. दिवाळीत घरी गेले तेव्हा आईला विचारलं. ती करंज्या लाटत होती. बाबा पुढच्या खोलीत टीव्ही बघत होते.

“आई, शून्य ते दहा अशी शिडी समज. तू कितव्या पायरीवर आहेस?”

“कशाची शिडी?”

“आयुष्याची गं.”

“आठ,” ती मोठ्याने म्हणाली. मग टीव्हीचा आवाज वाढला तसा तिचा कमी झाला. “लिहायचंय का कुठे? मग चार लिही. कुणी आजारी पडलं नाही, तर पाच.”

तिच्या त्या ‘तर’चा मला अर्थ लागतो. मी बारावीत असताना बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टर चांगले होते, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्या एका महिन्यात आईच्या पाटल्या गेल्या, पतसंस्थेचं कर्ज झालं आणि माझ्या ताईचं एमएस्सी राहिलं ते राहिलंच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कुणी विचारलं असतं, तर आईने सहा सांगितलं असतं. महिन्याने दोन. मधल्या काळात तिने कुठलीही चूक केलेली नव्हती.

कँट्रिलच्या चित्रात हेच नाही. त्याने शिडी काढली, साप काढायचे राहिले. आपल्याकडच्या जुन्या मोक्षपटात दोन्ही होतं. सद्गुणाला शिडी, दुर्गुणाला साप. आज खेळतो त्या सापशिडीतही कुणी नुसत्या शिड्या मोजत नाही. अठ्ठ्याण्णववर पोचलेल्याचंही लक्ष नव्व्याण्णवच्या सापावर असतं. माझी आई चारवर आहे, कारण ती पाचवर उभी राहून खालच्या सापाकडे बघते आहे. आपला देश 2021-22मध्ये आरोग्यावर जितका खर्च करत होता, त्यातले 39.4 टक्के लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून भरले, असं सरकारचीच आकडेवारी सांगते. हा साप किती लांब आहे त्याचं हे माप.

*

हे डोक्यात ठेवून फिनलंडकडे पाहिलं की त्या देशाचं कोडं सुटायला लागतं. 2018पासून 2025पर्यंत सलग आठ वर्षं पहिला क्रमांक. लोक विचारतात, एवढा अंधार, एवढी थंडी, कमी बोलणारी माणसं, ती कसली आनंदी? बरोबर आहे. ‘काल तुम्ही हसलात का, काल मजा आली का’ असे प्रश्न विचारले की फिनलंड मागे पडतो आणि पॅराग्वेसारखे लॅटिन अमेरिकन देश वर येतात. म्हणजे प्रश्न बदलला की विजेता बदलतो. फिन्निश लोक हसरे आहेत असं अहवाल म्हणतच नाही. आपण घसरलो तर फार खाली जाणार नाही याची त्यांना खात्री आहे, एवढंच त्यातून कळतं.

ही खात्री स्वभावातून आलेली नाही. 1948पासून तिथे प्रत्येक शाळकरी मुलाला दुपारचं जेवण फुकट मिळतं. सरकारी दवाखान्यात फी असते, पण वर्षभरात किती घ्यायची त्याला कमाल मर्यादा असते. बेघर माणसाला ‘आधी सुधार, मग घर’ म्हणण्याऐवजी आधी घर द्यायचं, हे धोरण 2008पासून राबवलं. 1990च्या सुमारास फिनलंडमध्ये आत्महत्यांचं प्रमाण लाखामागे सुमारे 30 होतं, जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी एक. त्यांनी त्याच्यावर देशपातळीवर काम केलं आणि ते जवळपास निम्म्यावर आलं. एकेक साप ओळखून पटावरून उचलला. तो परत येऊही शकतो. अलीकडे तिथे बेकारी वाढली आहे आणि सरकारने मदतीला कात्री लावली आहे. स्वर्ग वगैरे काही नाही तो.

पैसा आहे म्हणून जमतं, हा आक्षेप अर्धा खरा आहे. पण 2025च्या यादीत कोस्टा रिका सहावा आहे आणि मेक्सिको दहावा. अमेरिका, कितीतरी श्रीमंत असून, 24वी. कोस्टा रिकाने 1948मध्ये सैन्यच बरखास्त केलं. सार्वजनिक आरोग्य आणि शाळा यांच्यावर त्याने दीर्घकाळ भर दिला, आणि घरातली, नात्यातली माणसं तिथे एकमेकांना धरून असतात. साप हटवायचे रस्ते एकाहून जास्त आहेत.

दुसरी गोष्ट विश्वासाची. 2013मध्ये ‘रीडर्स डायजेस्ट’ने 16 शहरांत प्रत्येकी 12 पाकिटं मुद्दाम ‘हरवली’. आत थोडे पैसे, फोन नंबर, कुटुंबाचा फोटो. हेलसिंकीत 11 परत आली. दुसऱ्या क्रमांकावर कोण होतं, सांगा. मुंबई. 12 पैकी 9. हा काही शास्त्रशुद्ध प्रयोग नव्हे, बारा पाकिटांवरून शहर कळत नाही. पण 2025च्या अहवालातलं मोठ्या अभ्यासाचं निरीक्षण त्याच दिशेचं आहे : पाकिटं परत येण्याचं प्रमाण लोकांच्या अंदाजापेक्षा बरंच जास्त असतं, आणि ‘माझं पाकीट परत येईल’ असं वाटणं हे माणसाच्या समाधानाशी घट्ट जोडलेलं असतं. मुंबईकर पाकीट परत करतो. ते परत येईल यावर मात्र त्याचा विश्वास नसतो. आपली माणसं आपल्याला वाटतात तितकी वाईट नाहीत, हे न कळण्याची किंमतही आपणच भरतो.

*

मग अहवाल टाकून द्यावा का? मला तसं वाटत नाही. भूतानने स्वतःची मोजणी केली आहे, नऊ क्षेत्रं आणि 33 निर्देशांकांची. तिच्यात वेळ, संस्कृती, निसर्ग सगळं येतं, शिडीपेक्षा ती कितीतरी श्रीमंत आहे. पण त्याच भूतानमधून 1990च्या दशकात लाखभर नेपाळीभाषक माणसांना देश सोडावा लागला. जे मोजायला घरात उरलेच नाहीत, त्यांचा आनंद कुठल्याही निर्देशांकात येत नाही. सरकारने आपल्या लोकांचा आनंद आपणच मोजण्यापेक्षा एक भोंगळ, पण सगळीकडे सारखा विचारलेला प्रश्न मला जास्त उपयोगी वाटतो. फक्त तो वाचता आला पाहिजे. 4.389 ही सरासरी आहे. तिच्यात मनोऱ्याचे सगळे मजले एकत्र कालवलेले आहेत, आणि टीव्हीचा आवाज वाढेपर्यंत ‘आठ’ म्हणणाऱ्या बायकाही.

आणि आपण, हा लेख फोनवर वाचणारे? 2024च्या अहवालाने वयानुसार क्रमांक लावले. साठीपुढच्यांत अमेरिका दहावी होती आणि तिशीच्या आतल्यांत 62वी. देश एकच, शिड्या दोन. यात फोनचा वाटा किती यावर अजून वाद चालू आहे, मी निकाल देणार नाही. माझ्यापुरतं एवढं सांगते की हातात दिवसभर एक शिडी असते, तिच्यावर सगळे वर चढताना दिसतात, आणि घसरणाऱ्याचं रील कुणी टाकत नाही. तिथेही साप काढायचे राहिलेत.

यंदा स्क्रीनशॉट आला तेव्हा काकांना मी लिहिलं, “काका, तुम्ही कितव्या पायरीवर?” बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग ग्रुपवर काहीच आलं नाही. रात्री त्यांचा मला एकटीला मेसेज आला : “तीन. चिनूची नोकरी गेलीये. घरी बोलू नकोस.”

आमच्या ग्रुपवर चौतीस माणसं आहेत. चिनूदादाची नोकरी जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.