स्टार्न बंधू: चिकटपट्टी आणि पतंग

माइक आणि डग स्टार्न हे जुळे भाऊ. जन्म १९६१, अमेरिकेतलं न्यू जर्सी. बोस्टनला कला शिकले आणि १९८७ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात गाजले. फोटोच्या वर्गात जे करू नका म्हणून सांगतात, ते सगळं यांनी केलं. कागद चुरगळला, फाडला, तुकडे पारदर्शक चिकटपट्टीनं जोडले, रसायनानं पिवळट-तपकिरी केले, टाचण्यांनी भिंतीला टोचले.

हा वात्रटपणा आहे का? थोडासा आहे, असं आमचं मत. पण त्यामागे एक प्रश्न आहे. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट दाखवून आपण म्हणतो, ‘हे आजोबा.’ ‘हा कागद’ असं कुणी म्हणत नाही. कडेनं कसर लागली, ओल चढली, की मग कागद दिसायला लागतो. स्टार्न बंधूंनी तो आधीच दाखवला. फिलिप द शांपेन या सतराव्या शतकातल्या चित्रकाराचा मृत ख्रिस्त त्यांनी असाच तुकड्यांनी जोडला. तिथे जखमी देह आणि जखमी कागद एक होतात. रेम्ब्रांटच्या चित्रावर केलेल्या कामात मात्र तसं होत नाही. तिथे चिकटपट्टी नुसती सहीसारखी उरते.

खरं मोठं काम आम्हाला वाटतं ते पतंगांचं. नव्वदच्या दशकात सुरू झालेली ही मालिका, नाव ‘अट्रॅक्टेड टू लाइट’. आता नरखेडच्या माणसाला पतंग काय सांगायचे! आंबिया बहराची फळं रंगावर आली की रस शोषणाऱ्या पतंगांसाठी संध्याकाळी बगीच्यात धूर करावा लागतो. आपल्याला तो शत्रूच. या भावांनी त्याला माणसाएवढं मोठं केलं. म्हाताऱ्या राजासारखा तो आपल्याकडे पाहतो. छापला तो हातकागदावर. त्यावर प्रकाशाला काळवंडणारा चांदीच्या क्षाराचा थर हातानं लावलेला, म्हणून तो कुठे जाड, कुठे विरळ, पंखावरच्या भुकटीसारखा. पतंग उजेडाकडे जातो आणि कागदही उजेडानंच जळतो. इथे विषय आणि रीत वेगळी काढता येत नाही. चिकटपट्टीपेक्षा हे कितीतरी पुढचं.

राहिला प्रश्न, फोटो कुणाचा? दोघं मिळून सही करतात. कुणाचा हात कुठे, सांगत नाहीत. समीक्षक लगेच ‘दोन देह, एक मन’ म्हणून मोकळे होतात. आम्हाला हे पटत नाही. जुळे असणं हा योगायोग, एकत्र काम करणं हा रोजचा निर्णय. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबुराव पेंटर तर सख्खे भाऊही नव्हते. तरी नाटकांचे पडदे त्यांनी जोडीनं रंगवले, सिनेमाचा नादही जोडीनंच लागला. आनंदराव १९१६ मध्ये गेले, पुढचं बाबुरावांनी नेलं. त्या पडद्यांवरचा कोणता फटकारा कुणाचा, कोण सांगणार? प्रतिभा एकट्याचीच असते, असं आपण कांटपासून धरून बसलो आहोत. भाऊ वेगळे निघाले तर बगीचा झाडं मोजून वाटता येतो. पतंगाचा फोटो कसा वाटाल?

एक सूचना. आज पडद्यावर ज्या प्रती दाखवतो आहोत, त्या सपाट आहेत. चिकटपट्टी दिसेल, तिची जाडी दिसणार नाही.