‘न दिसणे’ आणि ‘नसणे’ : राइट देवमाशांच्या गणनेविषयीच्या तीन निबंधांचे परीक्षण

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत वावरणाऱ्या राइट देवमाशांची संख्या वाढत आहे की घटत आहे, या एकाच प्रश्नाभोवती तीन शोधनिबंध उभे आहेत. पहिला हॅल कॅसवेल, मासामी फुजिवारा व सोलांज ब्रो यांचा, 1999 मधील. दुसरा फुजिवारा व कॅसवेल यांचा, 2001 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेला. आणि तिसरा रिचर्ड पेस, पीटर कॉर्कर्न व स्कॉट क्रॉस यांचा, 2017 मधील. तिन्ही निबंध संख्याशास्त्राचे आहेत. तथापि त्यांतील वादाचे मूळ भाषेच्या अभ्यासकाला परिचित अशा एका भेदात आहे. ‘दिसत नाही’ हे विधान वेगळे आणि ‘नाही’ हे विधान वेगळे.

शिलालेखांत एखादा शब्द आढळला नाही, एवढ्यावरून तो त्या काळी बोलण्यातच नव्हता असे कोणी विचारी अभ्यासक म्हणत नाही. मुळात लेख किती थोडे उरले आहेत, आणि तो शब्द लेखात येण्याजोगा होता काय, याचा हिशेब आधी मांडावा लागतो. देवमाशांच्या गणनेतही नेमकी हीच अडचण आहे.

या प्राण्याच्या डोक्यावर घट्टे पडल्यासारखी खरबरीत त्वचा असते आणि तिची ठेवण प्रत्येकात निराळी असते. त्यामुळे छायाचित्रावरून एकेक प्राणी ओळखता येतो. बॉस्टनच्या न्यू इंग्लंड ॲक्वेरियममध्ये अशा छायाचित्रांची सूची दशकानुदशके राखली जात आहे. या सूचीवरून संख्या ठरविण्याची एक सोपी रीत प्रचारात होती : सहा वर्षांत एकदाही न दिसलेला देवमासा मृत समजावा, बाकीचे जिवंत. रीत सुटसुटीत खरी. परंतु तिचा दोष उघड आहे. आज मेलेला प्राणी पुढील सहा वर्षे जिवंतांच्या यादीत राहतो, आणि ऱ्हास सुरू झाला तरी तो यादीत उशिरा उमटतो. ‘न दिसणे’ आणि ‘नसणे’ यांमधील अंतर ही रीत एका ठरीव मुदतीने भरून काढते. प्रत्यक्ष पुराव्याने नव्हे.

कॉरमॅक यांनी 1964 मध्ये, आणि जॉली व सेबर यांनी 1965 मध्ये स्वतंत्रपणे, जी पद्धती मांडली तिने या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. तिचे तत्त्व साध्या उदाहरणाने समजते. एखादा देवमासा पहिल्या वर्षी दिसला, दुसऱ्या वर्षी दिसला नाही आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा दिसला, तर दुसऱ्या वर्षी तो जिवंत होता हे निश्चित. तो केवळ नजरेतून सुटला. अशा सुटलेल्या नोंदी मोजल्या म्हणजे जिवंत प्राणी दिसण्याची संभाव्यता कळते. ती 0.8 असेल, तर लागोपाठ दोन वर्षे नजरेतून सुटणारे जिवंत प्राणी 100 पैकी 4 च, ती 0.5 असेल तर 25. पहिल्या स्थितीत दोन वर्षांची अनुपस्थिती मृत्यूकडे बोट दाखविते, दुसऱ्या स्थितीत ती फारसे काही सांगत नाही. अनुपस्थितीचा अर्थ अनुपस्थितीत नसतो. तो पाहणाऱ्याच्या पाहण्यावर अवलंबून असतो.

1999 च्या निबंधाचे श्रेय असे की, त्याने ही पद्धती या सूचीला लावून वार्षिक जीवितसंभाव्यता काढली. 1980 मध्ये ती सुमारे 0.99 होती, 1994 मध्ये सुमारे 0.94 वर आली. हा फरक वरवर किरकोळ वाटतो. परंतु पहिल्या मानाने 100 पैकी 90 प्राणी दहा वर्षांनंतर उरतात, तर दुसऱ्या मानाने 54 च. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते व दोन पिल्लांत काही वर्षांचे अंतर पडते. अशा प्राण्याच्या बाबतीत ही तूट जननाने भरून निघणे कठीण असते.

मात्र याच निबंधातील एका वाक्याची पुढे हेळसांड झाली. 1994 ची स्थिती कायम राहिली तर वंश नष्ट होण्यास सरासरीने फार तर 191 वर्षे लागतील, असे त्यात म्हटले होते. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत हे विधान संकेतार्थी आहे. वाचताना त्यातील ‘जर’ गळाला आणि उरले ते स्वार्थी भविष्यकाळाचे वाक्य. पुढे 2010 पर्यंत संख्या वाढली, तेव्हा भाकीत खोटे ठरले असे म्हणणे सोपे झाले. वस्तुतः भाकीत केलेच नव्हते. एक अट सांगितली होती आणि ती अट टिकली नाही. लेखकांकडे दोष जातो तो इतकाच की, एवढा ठसठशीत आकडा पुढे ठेवल्यावर वाचक अट विसरणार, हे त्यांनी ओळखावयास हवे होते.

2001 चा निबंध या दृष्टीने अधिक परिपक्व आहे. पहिल्यात सर्व प्राणी एकाच मापाने मोजले होते. येथे नर, मादी, पिल्ले, प्रौढ आणि पिल्लू असलेल्या माता असे भेद केले आहेत, आणि ऱ्हासाचे मर्म मातांच्या मृत्यूंत आहे असे दाखविले आहे. वर्षाकाठी केवळ दोन माद्यांचे मरण टाळले तरी घट थांबेल, हा त्याचा निष्कर्ष. येथेही अट आहेच, परंतु ती कृतीचे रूप घेऊन येते. 191 वर्षे ऐकून वाचक हताश होतो. दोन माद्या म्हटल्यावर काय करावे ते त्याला कळते.

खरी कसोटी 2010 नंतर लागली. देवमासे फंडीच्या आखातासारख्या नेहमीच्या ठिकाणी कमी दिसू लागले. ते मरत होते की अन्यत्र गेले होते? दोन्ही घडत होते. भक्ष्याच्या मागे पुष्कळ प्राणी सेंट लॉरेन्सच्या आखाताकडे वळले होते. सोप्या रीतीला येथे उत्तर देता आले नसते. 2017 च्या निबंधाने दिसण्याची संभाव्यता वर्षागणिक बदलू दिली आणि प्रत्येक प्राण्याची दिसण्याची प्रवृत्तीही भिन्न असू शकते हे हिशेबात घेतले. निष्कर्ष असा : 1990 मध्ये सुमारे 270, 2010 मध्ये सुमारे 480, आणि 2015 मध्ये 458, शेवटच्या आकड्याची मर्यादा 444 ते 471. माद्यांची घट नरांहून अधिक. 2010 नंतर घट झालीच, हे त्यांनी जवळजवळ निश्चित मानले.

या निबंधाची उणीव त्याच्या गणितात शोधण्यापेक्षा त्याच्या वापरात शोधावी. वृत्तांतून 458 हा आकडा फिरला; 444 ते 471 हे शब्द मागे राहिले. अनुमान नंतर सुधारले जाते, कारण पुढील वर्षांच्या छायाचित्रांनी मागील वर्षांचाही अर्थ बदलतो. मर्यादा न सांगता दिलेला आकडा सुधारला की, शास्त्रज्ञांनी शब्द फिरविला असा समज होतो.

हा समज निरुपद्रवी नाही. जहाजांची धडक आणि शेवंड व खेकडे पकडण्याच्या दोरांत अडकणे ही या प्राण्यांच्या मृत्यूची मुख्य मानवी कारणे होत. जहाजांचा वेग व दोरांचा वापर यांवर निर्बंध घातले तर त्याचा भार कोळ्यांच्या पोटावर पडतो. घट नसता तो भार लादणे अन्यायाचे; घट असता तो टाळणे म्हणजे वंशच्छेदाला संमती देणे. 2017 मध्येच अमेरिका व कॅनडा यांच्या समुद्रात 17 मृत देवमासे सापडले, आणि 2017–18 च्या हिवाळ्यात एकही नवे पिल्लू दिसले नाही. पुढील वर्षांची अनुमाने 400 च्या खाली गेली. 2017 चा इशारा पोकळ नव्हता.

पेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये आणखी एक हिशेब मांडला. 1990 ते 2017 या काळात जेवढे मृत्यू झाले असावेत असे अनुमान निघते, त्यांपैकी सुमारे 36 टक्के मृत्यूंचीच शवे सापडली. म्हणजे मूळचा भेद मृत्यूंनाही लागू आहे : ‘आढळलेले मृत्यू’ आणि ‘मृत्यू’ हे दोन शब्दप्रयोग समानार्थी नाहीत. सापडलेली शवे मोजून धोरण आखणारा, दर तीन मृत्यूंपैकी जवळजवळ दोन विसरून ते आखतो. या विषयावर यापुढे लिहिणाऱ्याने आकड्यासोबत त्याचे वर्ष, त्याची मर्यादा आणि त्याची अट ही तिन्ही सांगावीत, एवढी अपेक्षा या निबंधांच्या वाचनातून निर्माण होते.